उभे राहण्याचे साडेनऊ, बंदुकीचे सात

मूल (जि. चंद्रपूर)
गुरुवार, दि. १७ ऑक्टोबर २०२४

धनराजभाऊ,

सेवा जोहार.

आज दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी मी राईस मिलच्या गेटवर खुर्चीत बसून तुझ्या बंदुकीची नळी खोबरेल तेलाच्या फडक्याने पुसत होतो, तेव्हा मायचा फोन आला. घरी पोलीस आला होता. मोटारसायकलवर एकटाच. चांगला बोलला, पाणी प्यायला. म्हणाला, निवडणुकीची आचारसंहिता लागली आहे, तालुक्यातल्या सगळ्या परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, शेवटची तारीख २५ ऑक्टोबर. परवाना धनराज मडावीच्या नावावर आहे, म्हणून धनराज मडावीने स्वतः बंदूक आणि परवाना घेऊन यायचे. मायने विचारले, दुसऱ्या कोणी आणली तर? तो म्हणाला, "दुसऱ्याच्या हातात दिसली तं त्याले आतच बसवू ना, बाई."

मायला अजूनही वाटते की बंदूक तुझ्याजवळ हैदराबादला आहे. मला म्हणाली, "लच्छू, धनराजले फोन लाव. बंदूक घेऊन लवकर ये म्हणा." मी हो म्हटले. तुला फोन कसा लावू? माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस. काट्यावर गाड्यांचे वजन करणाऱ्या जहीरभाईंच्या फोनवरून एकदा लागला, तर माझा आवाज ऐकून "ड्यूटीवर हाय" म्हणालास आणि कापलास. म्हणून हे पत्र. रजिस्टर करतो आहे, पोचपावतीसह. पत्ता तू मायला औषधाचे पार्सल पाठवले होतेस त्यावरचा आहे.

मी सगळे आधी नीट लिहून काढतो, म्हणजे नंतर तुला आठवत नाही असे म्हणता येणार नाही. बंदूक माझ्याजवळ आहे. गेल्या वर्षी ३१ जुलैला ती मी स्वतः धानाच्या कोठीमागून काढली. मायला सांगितले नाही. गोणपाटात गुंडाळून बसने मूलला आणली. माझ्या नावावर परवाना नसताना चौदा महिन्यांपासून मी ती वापरतो आहे. हे मी नाकारत नाही.

(कृ. मा. प.)

पण काढ म्हणून सांगितले कोणी? तू सांगितलेस. मायला सांगू नको, ती रडत बसेल, हेही तूच म्हणालास. मी गोणपाट घेऊन स्टँडवर उतरलो तेव्हा तू तिथे उभा होतास. तू आधी जिथे गनमॅन होतास त्या मिलच्या गेटवर तूच मला घेऊन गेलास आणि सिक्युरिटी एजन्सीच्या अजयसाहेबांसमोर तुझे ओळखपत्र स्वतःच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातलेस. जहीरभाई काट्याच्या खोलीतून बघत होते. "दोन महिने सांभाळ. हैदराबादले सुपरवायजरचं पक्कं झालं का बंदूक घ्याले येतो." दोन महिने म्हणाला होतास.

पगाराचा हिशेबही तूच ठरवलास. एजन्सी बंदूकवाल्याला साडेसोळा हजार देते, काठीवाल्याला साडेनऊ. पगार तुझ्या खात्यात जातो, कारण कागदावर गेटवर तू उभा आहेस. त्यातले सात तू ठेवतोस, साडेनऊ मला फोनवरून पाठवतोस. "उभं राह्याचे साडेनऊ तुझे, बंदुकीचे सात माझे." मी मान्य केले, कारण तेव्हा मला उभे राहायला कुठेच जागा नव्हती.

ओळखपत्रावरच्या फोटोत तुला मिशी आहे. अजयसाहेब म्हणाले, मिशी ठेव. मला मिशी नीट येत नाही, एका बाजूने विरळ आहे. तरी ठेवली. हजेरीच्या पुस्तकात रोज तुझी सही करतो. गेटवर मला सगळे धनराज म्हणतात. हमाल म्हणतात, ड्रायव्हर म्हणतात, चहावाला म्हणतो. परवा कोणीतरी रस्त्यावर "लच्छू" अशी हाक मारली तर मी वळलोच नाही. दुसऱ्याच कोणा लच्छूला मारली होती, ते वेगळे.

दसऱ्याला शेठने मिलच्या यंत्रांना हळदकुंकू लावले, वजनकाट्याला लावले, मग गेटवर येऊन तुझ्या बंदुकीला लावले, झेंडूचे फूल ठेवले. माझ्याकडे बघितलेही नाही. पेढा दिला, तोही बंदुकीजवळ ठेवून गेले.

आता माझे ऐक. मी सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा आहे. त्यानंतर पोलीस भरती. भरतीत चारित्र्य पडताळणी असते. अंगावर एक केस असली की धावण्यात पहिला आलो तरी उपयोग नाही. माझ्याजवळ शेत नाही, गाडी नाही, एवढे एक कोरे नाव आहे, आणि त्यावर मी चौदा महिन्यांपासून तुझे नाव लावून फिरतो आहे.

मी बंदूक घेऊन गावी जाऊ शकत नाही. निवडणुकीमुळे रस्त्यावर नाक्यानाक्यावर पिशव्या उघडून बघतात. तू ये. परवाना तुझ्याजवळ आहे. परवाना सोबत असला तर बंदूक तुझ्या हातात गुन्हा नाही, माझ्या हातात आहे. एक दिवसाची सुटी काढ, बंदूक घे, ठाण्यात दे, पावती घे, परत जा. २५ तारखेच्या आत. तुझे सात हजार बंद होतील म्हणून येणार नसशील तर तसे कळव.

लच्छू

*

मूल
गुरुवार, दि. २४ ऑक्टोबर २०२४

धनराजभाऊ,

या वेळी जोहार लिहीत नाही.

पोचपावतीचे गुलाबी कार्ड परत आले. त्यावर तुझी सही आहे, २१ तारीख आहे. म्हणजे पत्र तुला मिळाले, तू वाचलेस, आणि तीन दिवस झाले तरी तू आला नाहीस, फोनही केला नाहीस. तुझी सही मला ओळखता येते. रोज करतो.

तुझी वाट बघत बसलो नाही. अजयसाहेब मंगळवारी पगाराचे कागद घेऊन आले होते. मी त्यांना म्हटले, बँकेच्या गनमॅनला जमा करण्यातून सूट मिळते म्हणतात, आपणही अर्ज करू.

ते मोटारसायकलवरून उतरलेही नाहीत. "अर्ज? अर्जाले परवान्याची झेरॉक्स लागते, धनराजची सही लागते, धनराज खुद्द लागते. आणि परवाना कशाचा हाय, वाचला का कधी? शेत राखाचा हाय तो. मिल राखाचा नाई."

म्हणजे तुझ्या हातात होती तेव्हाही ती इथे चालत नव्हती! बाबांच्या नावावरून परवाना तुझ्या नावावर झाला तेव्हा तो कागद तू वाचला असशीलच. मला का नाही सांगितलेस?

मी म्हटले, "मग मी बंदूक खोलीत ठेवतो आणि काठी घेऊन उभा राहतो."

"काठीवाले तं मूलमधे सात हजारातही भेटते, बाबू. शेठ बंदुकीचे पैसे देते. धानाचा सीजन लागला, रोज कॅश येऊन राह्यली. गप उभा राह. इलेक्शन झालं का सारं थंड होते."

"आणि पोलीस आले तर?"

"तं तू धनराज हास. मिशी पाह्य ना, केवढी मस्त आली." आणि हसत निघून गेले.

आता कालचे लिहितो. काल दुपारी गेटवर थोडी बाचाबाची झाली. हलक्या धानाची कापणी सुरू आहे. आरमोरीकडचे काही शेतकरी पिकअपमध्ये धान घालून इकडे आले होते, कारण इथे भाव जास्त आहे असे त्यांना कोणीतरी सांगितले. काट्यावर वजन झाले. मग शेठच्या माणसाने ओल मोजायचे यंत्र लावले आणि सांगितले, धान ओले आहे, क्विंटलमागे चार किलो कापणार. तिकडून निघताना त्यांना दोन किलो सांगितले होते. आवाज चढले. सात-आठ जण ऑफिसच्या पायरीपर्यंत गेले.

शेठ दारात आले आणि त्यांनी मला हाक मारली. "ए धनराज! बसून काय राह्यला? पुढं ये. खांद्यावरची हातात घे जरा."

मी उठलो. खांद्यावरची हातात घेतली. पायरीच्या खाली शेठ आणि शेतकरी यांच्यामध्ये उभा राहिलो. सगळे एक पाऊल मागे सरकले. सगळ्यात पुढे डोक्याला दुपट्टा बांधून उभे होते ते लटारूकाका होते. आपल्या घरामागचे लटारूकाका. बाबांबरोबर मचाणावर जागले ते.

त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे बघितले. "अरे, हा तं लच्छू हाय! बुधरीबाईचा लहाना. याले धनराज काऊन म्हणून राह्यले तुमी?"

हमाल हसले. कोणीतरी शिट्टी वाजवली. मला वाटले, आता शेठ विचारतील, आता सगळे बाहेर येईल, आणि खरे सांगतो, मला बरे वाटले. चौदा महिन्यांनी माझे नाव कोणीतरी त्या गेटवर मोठ्याने घेतले होते. पण शेठ काय म्हणाले ते ऐक. "लच्छू राहो का पत्रू राहो, मले काय करायचं? पगार मी बंदुकीले देतो."

म्हणजे त्यांना माहीत होते. पहिल्या दिवसापासून माहीत होते.

मग लटारूकाका मला म्हणाले, मोठ्याने नाही, घरात बोलतात तसे, "बाबू, ते तुझ्या बाची हाय. डुकरं हाकलाची. आमी काय डुकरं होय?"

मी बाजूला झालो नाही. तिथेच उभा राहिलो, आणि माझ्यासमोर काकांच्या चौदा क्विंटलमागे चार-चार किलो कापले गेले. पैसे मोजून घेऊन ते गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितले नाही. नळी खाली होती, एवढे लिहून ठेवतो. पण बंदूक हातात दिसत होती, तेवढे त्यांना पुरेसे होते.

संध्याकाळी मी जहीरभाईंच्या खोलीत गेलो. ते वजनाच्या चिठ्ठ्या लावत होते. मी विचारले, "तुम्हाला तर पहिल्या दिवसापासून माहीत होते. मग मला धनराज का म्हणत होता?"

ते म्हणाले, "माझ्या काट्यावर गाडी येते. मी वजन घेतो. ताडपत्रीखाली काय हाय ते नाई पाह्यत. तू म्हणला धनराज, मी म्हणलो धनराज." मग चिठ्ठ्या बाजूला ठेवून, "तुले वाईट वाटत होतं काय?"

मला त्यांचा राग आला नाही. आला, पण तुझ्यावरच्या रागापुढे तो काहीच नव्हता. लटारूकाकांसमोर मी तुझ्या जागेवर उभा होतो. तुझ्या बंदुकीसह, तुझ्या नावाने, तुझी मिशी लावून. तू असतास तर? तू काकांवर नळी वर केली असतीस की नाही हे मला खरेच माहीत नाही, आणि हे मला माहीत नाही याचाच जास्त संताप येतो आहे.

उद्या शेवटचा दिवस आहे. तू पोहोचू शकत नसशील तर निदान ठाण्यात फोन कर. बंदूक मूलला भावाजवळ आहे, माझ्या सांगण्यावरून आहे, मी येईपर्यंत त्याला त्रास देऊ नका, एवढेच सांग. दोन वाक्ये आहेत. माझे नाव सांग. तुझे नको, माझे.

लच्छू

*

गावाहून
शुक्रवार, दि. ८ नोव्हेंबर २०२४

धनराज,

तू ठाण्यात फोन केलास. मी सांगितलेली दोन वाक्ये सोडून बाकी सगळे बोललास.

हे पत्र मी मुद्दाम कागदाच्या एकाच बाजूला लिहितो आहे. का, ते तुला माहीत आहे.

शनिवारी २६ तारखेला सकाळी आठच्या सुमारास पोलिसांची गाडी मिलच्या गेटवर आली. फौजदार उतरले. मी हजेरीची सही करून नुकताच खुर्चीत बसलो होतो. त्यांनी विचारले, "धनराज मडावी कोण?" गेटवरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभा राहिलो आणि म्हटले, "साहेब, मी लच्छू मडावी." फौजदार म्हणाले, "मग तूच पाह्यजे."

बंदूक घेतली, बाबांची दोन जुनी काडतुसे घेतली, गळ्यातले तुझे ओळखपत्र घेतले. शेठ आतून बाहेर आले नाहीत. अजयसाहेबांना ठाण्यातून फोन लावला तर म्हणाले, "आम्ही तं धनराजलेच ओळखतो, साहेब. हा कोण लच्छू?" बावीस तारखेला माझ्या मिशीचे कौतुक करून गेलेला माणूस!

ठाण्यात फौजदारांनी फोन माझ्यापुढे धरला. त्यात माझ्या पहिल्या पत्राचा फोटो होता. माझे अक्षर, माझी निळी शाई. "गेल्या वर्षी ३१ जुलैला ती मी स्वतः धानाच्या कोठीमागून काढली. मायला सांगितले नाही." तुझा अर्जही त्याबरोबर होता: मी परगावी नोकरीस असताना माझ्या लहान भावाने घरातून माझी बंदूक चोरून नेली, याचा पुरावा त्याच्याच हस्ताक्षरात जोडला आहे.

मी सहावीत होतो तेव्हा माझी वही गुरुजींना दाखवून तू म्हणाला होतास, अक्षर पाह्य, छापल्यासारखं हाय. ते तुला इतके उपयोगी पडेल हे तेव्हा कोणाला माहीत होते!

फौजदारांनी विचारले, "अक्षर तुझं?"

"हो साहेब."

"चांगलं हाय. शिकला किती?"

"अकरावी. बारावीचा फॉर्म भरला आहे."

त्यांनी पत्र पुन्हा वाचले. खाली बोट ठेवले. "हे कृ. मा. प. लिहिलं. मागं काय हाय?"

"मागे धनराज आहे, साहेब."

त्यांनी माझ्यासमोर तुला फोन लावला. मागच्या बाजूचा फोटो पाठव म्हणाले. तू काय उत्तर दिलेस ते मी समोर बसून ऐकले, फोनचा आवाज मोठा होता. "मागं काई नाई साहेब, कोरं हाय."

फौजदारांनी फोन ठेवला, फोटो बोटांनी मोठा केला आणि डोळ्यांजवळ आणला. पोस्टातला स्वस्त कागद. मी दाबून लिहितो. मागची सगळी अक्षरे उलटी उमटलेली दिसत होती, ओळीखाली ओळ. ते म्हणाले, "कोरं म्हणते हा, आणि शाई तं भरून हाय." मग माझ्याकडे बघून, "हे पाह्य, तुझ्याजवळ परवाना नव्हता, तू बंदूक घेऊन फिरला, तो गुन्हा तुझ्यावर लागतेच. त्यातून सुटका नाई. आता चोरली म्हणशील तं चोरीचा आणखी लागन. दिली म्हणशील तं त्याच्यावरही लागन. संध्याकाळी जबाब घेतो. तवापर्यंत नीट विचार कर."

मला विचार करायचा नव्हता. पण चार वाजता माय आली.

मायला तू फोन केला होतास. माझा नंबर ब्लॉक करून ठेवणारा तू, मायला तीन वेळा फोन केलास. ती कोठडीच्या गजाला धरून उभी राहिली. बंदुकीबद्दल आपण दोघांनी मिळून तिला फसवले, याचा तिने एक शब्दही काढला नाही. म्हणाली, "लच्छू, तू चोरली म्हण ना. घरातलीच वस्तू हाय, घरात कोठं चोरी असते? तुले दोन दिवसात सोडून देतीन."

"कोणी सांगितले?"

"धनराज म्हणते. त्याच्यावर केस झाली तं त्याची नोकरी जाईन. त्याची बायको-लेकरं हायेत. तुले कोण हाय?"

मी म्हटले, "माय, चोरी लागली तर भरती गेली. कायमची गेली. मग मी काय करू?"

"तू हुशार हास. तुले काईतरी भेटन." आणि मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "परीक्षा पुढच्या साली दे."

तिला कळत नाही, त्यात तिचा दोष नाही. परीक्षा पुढच्या साली देता येते असे तिला वाटते, आणि चोरीचा शिक्का दिवाळीच्या रांगोळीसारखा पाण्याने धुऊन निघतो असेही वाटते. पण तुला कळते. तू मोठा आहेस, तू दहा शहरे बघितलीस, तुला कायदा कळतो. तू तिच्या तोंडून ते माझ्यापर्यंत पोहोचवलेस. स्वतः आला असतास, गजाबाहेर उभा राहून "लच्छू, माझ्यासाठी चोर हो" असे म्हणाला असतास, तर कदाचित मी झालोही असतो. हे मी आजही रागात लिहितो आहे, पण खोटे लिहीत नाही. तू मागितले असतेस तर मी दिले असते. तू मागितले नाहीस. तू पानाची एक बाजू फोटो काढून पाठवलीस.

साडेपाच वाजता जबाब झाला. मी सांगितले, हवालदाराने लिहिले, आणि मी वाचून दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. बंदूक मी परवान्याशिवाय बाळगली, हे लिहिले. हजेरीवर दुसऱ्याच्या नावाची सही केली, हेही लिहिले. कोणी विचारले नव्हते. आणि लिहिले की बंदूक धनराज मडावी याने दिली, त्याचे भाडे दरमहा सात हजार घेतले, पगार त्याच्या खात्यात गेला. फौजदारांनी माझ्या फोनमधले तू पाठवलेल्या साडेनऊ हजारांचे चौदा निरोप बघितले. म्हणाले, "भाऊ भावाले पैसे पाठवते, त्यात काय?" मी म्हटले, "साहेब, त्याच्या खात्यात साडेसोळा येतात. बँकेतून काढून बघा. चोरीच्या मालाचे भाडे चोर मालकाला देतो काय?" ते हवालदाराला म्हणाले, "हे पण लिहा."

खाली सही केली. लच्छू मडावी. रोज तुझी सही करून हाताला माझी सवय राहिली नव्हती, ल चुकला.

कोर्टाला दिवाळीच्या सुट्या होत्या. दिवाळी चंद्रपूरच्या जेलात झाली. त्यावर काही लिहीत नाही. तिथे सगळे मला लच्छू म्हणत होते, एवढेच.

बुधवारी जामीन झाला. जामीनदार म्हणून कोण उभे राहिले, सांग. तुझा सासरा नाही, मामा नाही. लटारूकाका सातबारा घेऊन आले होते. जहीरभाईंनी त्यांना शोधून काढले. काट्याच्या चिठ्ठीवर पिकअपवाल्याचा नंबर होता. कोर्टाच्या बाहेर मी काकांना म्हटले, "काका, मी तुमच्यासमोर बंदूक धरून उभा होतो."

काका म्हणाले, "धरली कोठं? नुसती हातात होती. तुझ्या बाले पण नीट धरता येत नव्हती. एकदा डुकरावर झाडली तं मचानावरून दोघंही खाली पडलो." मग तंबाखू मळत म्हणाले, "पण बाजूले झाला असता तं बरं झालं असतं."

जहीरभाई हसले. "कोर्टात मी तुझं नाव धनराजच सांगणार होतो. जिभेले सवय पडली बे."

वकील म्हणतात, केस चालेल. चोरीचे कलम लागलेले नाही. भरतीचे काय होईल ते आज सांगता येत नाही. परीक्षा मी देणार आहे. तुलाही नोटीस गेली आहे, तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर, म्हणजे तुझी नोकरी राहील की नाही तेही सांगता येत नाही. मला वाईट वाटावे म्हणून तू मायला पुन्हा फोन करशील. कर. माय माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, माझ्यासमोर सरकवते आणि दारात जाऊन बसते. ती जेवत असताना मी समोर बसलो तर उठून जाते. तू मोठा आहेस, तू तिला पुढच्या महिन्यात औषध पाठवशील, आणि ती तुला माफ करील. मला करणार नाही. हे मला जबाब देतानाही माहीत होते.

हे पत्रही फौजदारांना पाठव. सगळी पाने पाठव. एकाच बाजूला लिहिले आहे, म्हणून यातले काही लपवायचे असेल तर पूर्ण पान फाडावे लागेल. तसे केलेस तर माझ्याजवळ झेरॉक्स आहे.

हिशेब खाली लिहितो. चौदा महिन्यांचे बंदुकीचे ९८,००० यात धरलेले नाहीत. ते मी तुझ्याकडे मागत नाही. ते कोर्ट विचारील.

झालेला खर्च
रजिस्टर पत्रे, हे धरून तीन: ९६
झेरॉक्स: १८
वकिलाला दिले: ३,०००
जामिनाचे कागद व स्टॅम्प: ७५०
मायचे आरमोरी–चंद्रपूर एसटी, दोन खेपा, अर्धे तिकीट: ३४०
एकूण: ४,२०४

येणे
ऑक्टोबरचे पंचवीस दिवस उभे राहण्याचे: ७,६६१. एजन्सी म्हणते, पगार धनराज मडावीच्या खात्यात जमा केला आहे. तू पाठवावेस.

देणे
वकील, बाकी: ५,०००
जहीरभाई, उसने: ३,०००
लटारूकाका, चौदा क्विंटलमागे चार किलो, म्हणजे छप्पन किलो, पंचवीसच्या भावाने: १,४००
एकूण: ९,४००

यातले शेवटचे चौदाशे जमा करून मी काल काकांकडे घेऊन गेलो होतो. त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, "कापले शेठने, तू काऊन देतं?" मी म्हटले, शेठ दारात होते, पायरीखाली मी होतो. तरी घेतले नाहीत. म्हणून बाकीत ठेवले आहेत.

लच्छू मडावी